सगळ्या माद्याच

"ताई, सगळ्या माद्या! एकूण एक माद्या!"

पद्या भोपळ्यांच्या खोलीतून ओरडत आला आणि माझ्या हातातलं ताक सांडता सांडता राहिलं. सातव्या महिन्यातल्या बाईच्या अंगावर असं ओरडत यायचं नसतं, हे आमच्या घरात फक्त माझ्या धाकट्या भावाला माहीत नव्हतं. पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी आले होते. आईनं मला पाटावरून उठू द्यायचं नाही असं ठरवलं होतं, आणि पद्यानं मला एका जागी बसू द्यायचं नाही असं.

"मादी असो नाहीतर नर, मला काय करायचंय?" मी म्हणाले.

"तू चल तर खरी. तुझ्याशिवाय साक्षीला कोण आहे मला?"

गेले. माझ्या भावाचं नाव पद्माकर. पण पद्माकर म्हणून त्याला फक्त शाळेतले मास्तर हाक मारायचे. शेतकी कॉलेजातून पास होऊन तो नोकरी न धरता घरी आला होता आणि आमच्या कांद्याच्या खोलीत भोपळे मांडून त्यानं किडे पाळले होते. सासवडपासून दोन कोसांवर आमची सीताफळाची बाग. सीताफळाला पिठ्या ढेकूण नावाची कीड लागते. फळावर कणीक भुरभुरल्यासारखी पांढरी दिसते. या किडीला खाणारा एक ढालकिडा असतो, मसुराएवढा, काळा, डोक्याकडं तांबूस. पद्या लाल भोपळ्यांवर मुद्दाम पिठ्या ढेकूण वाढवायचा, त्यावर हे ढालकिडे पोसायचा आणि बरण्यांत भरून बागवाल्यांना विकायचा. खोलीत मांडणीवर ओळीनं भोपळे आणि सगळे पांढरेफटक. आईला हा धंदा कधीच पटला नाही. "लोक किडं मारायला पैसं घालत्यात, आमचं लेकरू किडं पाळतंय," असं ती येईल त्याला सांगायची. पण वडील गेल्यावर एकटीनं बाग सांभाळलेली बाई ती. बाजारातून भोपळे निवडून आणायचीही तीच, आणि भाव पाडून.

पद्यानं मला स्टुलावर बसवलं. त्याचा चेहरा इतका खुलला होता, की मला वाटलं याचं लग्नबिग्न ठरलंय.

"कॉलेजातल्या सरांनी एकदा सांगितलं होतं," तो म्हणाला. "काही किड्यांच्या पोटात एक जंतू असतो. वोल्बाकिया म्हणतात. तसले आणखीही आहेत. हा आईच्या अंड्यातून लेकरांत जातो. बापाकडून नाही जात, कारण बापाच्या बीजात त्याला बसायला जागाच नसते. आता सांग, त्या जंतूच्या दृष्टीनं नर काय कामाचा?"

"नर तसाही काय कामाचा?"

"चेष्टा नको. नरात शिरला की त्याचा वंश तिथंच संपला. म्हणून तो काय करतो, नराला अंड्यातच मारून टाकतो. नुसत्या बहिणी जन्माला येतात. आणि बाहेर आल्या आल्या त्या काय खातात?"

"काय?"

"ती मेलेली अंडी. भावांची. पहिला घास. त्यावर त्या तगतात आणि जंतू पुढं नेतात."

"शी!" मी पोटावर हात ठेवला. "मला असलं काही सांगत जाऊ नकोस."

"तू नाही का माझ्या वाटणीच्या करंज्या खायचीस? त्या मानानं ह्या बऱ्या." तो हसत होता. "ताई, माझ्या ढालकिड्यांत हेच झालंय. आठ दिवस बघतोय, एक नर सापडत नाही. या जातीत हे अजून कुणी बघितलेलं नाही, असं सर म्हणायचे. सोमवारी बरणी घेऊन जातो त्यांच्याकडं. खरं निघालं तर ते मला स्वतःच्या हाताखाली पुढं शिकवणार. शब्द दिलाय त्यांनी. तू फक्त एकदा बघ, म्हणजे दोघांनी बघितलं असं होईल."

त्यानं भिंग माझ्या हातात दिलं. ओळख सोपी होती. पुढच्या पायांची जोडी बघायची. नराचे पाय पिवळट, मादीचे काळे. मी एक किडा चिमट्यानं उताणा केला, त्याचे पाय काळे. दुसरा काळा. तिसरा पिवळा.

"हा नर," मी म्हणाले.

"काहीतरीच. दाखव." त्यानं भिंग डोळ्याला लावलं. "काळे आहेत की."

चौथाही पिवळा निघाला. पाचवाही. जवळजवळ निम्मे पिवळ्या पायांचे होते, हळदीच्या बोटानं पुसल्यासारखे. मला आधी वाटलं हा माझी थट्टा करतोय.

"पद्या, हातच्या काकणाला आरसा कशाला? हे बघ ना, पिवळे धमक."

"भिंग खराब आहे," तो म्हणाला. "मागच्याच महिन्यापासून त्याच्यावर मधोमध डाग आलाय. सारखा पुसतो. खोलीतला दिवाही बदलला मी, मोठा आणला."

"नाचता येईना अंगण वाकडं. भिंग लख्ख आहे."

"नाहीये लख्ख."

"अरे, काविळीला सगळं पिवळं दिसतं म्हणतात. तुला पिवळं तेवढंच दिसत नाही का?"

ही माझी जीभ. आपण फार मजेशीर बोललो असं मला वाटलं, आणि मीच हसले. तो हसला नाही. तो भिंग घेऊन खिडकीपाशी गेला. खिडकीतून समोरची बाग दिसते. त्यानं भिंग खाली ठेवलं आणि नुसत्या डोळ्यांनी बघितलं. डावा डोळा झाकला. मग उजवा झाकला. मग मान तिरकी करून, कोंबडी दाणा बघते तसं, माझ्याकडं बघितलं.

"ताई, तुझ्या कपाळाला कुंकू आहे का गं?"

एवढं मोठं कुंकू होतं. आईनंच सकाळी लावलं होतं.

"डाग भिंगावर नाहीये," तो म्हणाला.

मी पिवळ्या पायांचे किडे परत बरणीत भरले. सोमवारी सरांकडं जायचं होतं, ते आम्ही पुण्याला डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. आईला सांगितलं चष्मा लागलाय. मला बसनं नेऊ नये म्हणून तिनं आकांडतांडव केलं. दिवे घाटाची वळणं, पोटातलं लेकरू, असलं सगळं. पण पद्या एकटा जायला तयार नव्हता. एरवी तो "चल" म्हणून हुकूम सोडायचा, विनवायचा नाही. त्या दिवशी विनवत होता, म्हणून मी गेले.

दवाखान्यात दिवसभर थेंब घालणं, दिवे मारणं चाललं होतं. शेवटी एका मोठ्या डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. पिकल्या केसांच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी डोळ्यांचं काही न विचारता भलतंच विचारलं.

"तुमच्या आईंना भाऊ आहेत का?"

"एक होते," मी म्हणाले. "भिकूमामा. वारले ते."

"त्यांना दिसायचं?"

पद्यानं माझ्याकडं बघितलं. म्हणजे माझ्या कानाकडं बघितलं. भिकूमामा ऐन पंचविशीत आंधळे झाले होते. गावठी दारूनं डोळे गेले, असं आमच्या घरात सगळे सांगायचे. आई तर ते मरेपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही. "पिऊन डोळं फोडून घेतलं, म्हातारीला भीक मागायला लावली," म्हणायची. त्यांच्या मातीलाही ती गेली नव्हती.

"दारूनं गेले म्हणतात," मी सांगितलं.

"दारूनं थोडा हातभार लागला असेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण मूळ दुखणं दारूचं नसावं. यांचंही तेच दिसतंय. दोन्ही डोळ्यांच्या नसा सुकतायत. रक्त तपासायला पाठवू, पण मला फारशी शंका नाही."

मग त्यांनी समजावून सांगितलं. शरीराच्या प्रत्येक पेशीत शक्ती तयार करणारे अगदी बारीक कण असतात. ते फक्त आईकडून येतात, तिच्या अंड्यातून. बापाचे येत नाहीत. आमच्या आईकडून आलेल्या कणांत दोष आहे, आणि डोळ्याच्या नसेला शक्ती सगळ्यात जास्त लागते, म्हणून ती आधी मरते.

"हे कण पूर्वी वेगळे जंतू होते असं शास्त्रज्ञ म्हणतात," त्या म्हणाल्या. "कोट्यवधी वर्षांपूर्वी पेशीत शिरले आणि तिथंच राहिले."

पद्या एकदम हसला. दवाखान्यात हसू नये तसं मोठ्यानं हसला.

"म्हणजे माझ्या किड्यांसारखंच," तो म्हणाला. "आईकडून येतं. मुली पुढं नेतात. मुलगे खपतात. बरोबर?"

डॉक्टरीणबाई चमकल्या. "सगळे मुलगे नाही," त्या सावरून म्हणाल्या. "काहींना होतं, काहींना जन्मभर काहीच होत नाही. कुणाला होईल ते आधी सांगता येत नाही. मुलींना क्वचित होतं."

"आणि औषध?"

"आज तरी नाही."

"थोडंफार राहील?"

"कडेकडेचं राहील. मधलं जाईल. वाचणं, चेहरे ओळखणं जमणार नाही."

हे सगळं बोलताना त्या पद्याकडं बघत होत्या. मग त्यांची नजर माझ्या पोटावर आली आणि त्यांनी पटकन समोरचा कागद उचलला. एवढा वेळ मी भावासाठी रडू आवरत होते. त्या क्षणी मी भावाला विसरले, हे मला अजून स्वच्छ आठवतं. मुलगी होऊ दे, एवढंच माझ्या मनात होतं. देवा, काळी, कुबडी, कशीही, पण मुलगी होऊ दे.

परतीच्या बसमध्ये पद्या खिडकीशी बसला. घाट लागला तसा म्हणाला, "आईला सांगायचं नाही."

"कधीतरी कळेलच."

"कसं कळेल? तू नाही सांगितलंस तर कुणी सांगणार नाही. विचार कर. भिकूमामाशी ती तीस वर्षं बोलली नाही. आता तिला सांगायचं, की बाई, त्याचा दोष नव्हता, तुमच्या दोघांच्या आईकडून आलं होतं ते? आणि पोराचे डोळे तुझ्याकडून गेले? ती विहीर जवळ करील, ताई."

करील, यात मला शंका नव्हती. "आणि माझं काय?" मी विचारलं.

त्यानं चाचपून माझा हात धरला. लहानपणी जत्रेत धरायचा तसा नव्हे, मोठ्या माणसासारखा धरला.

"मुलगी होईल तुला," तो म्हणाला. "होऊ दे बाई."

आई दारातच उभी होती. "काय म्हनला डाक्टर? कितीचा निगाला चष्मा?"

"चष्मा नाही, आई. नसा सुकल्यात," पद्या म्हणाला. "त्या भोपळ्यांवरची पांढरी भुकटी डोळ्यांत जाऊन जाऊन."

हे त्यानं घाटात ठरवलं होतं की तिथंच सुचलं, मला माहीत नाही. आई मटकन उंबऱ्यावर बसली. मग तिनं पदर तोंडाला लावला आणि जो हंबरडा फोडला तो ऐकून शेजारची माणसं धावत आली. "सांगत हुते," ती म्हणत होती, "सांगत हुते रं, किडं पाळू नगंस. जिवाला जीव खाणारी जात ती. माजं डोळं घ्या गं कुनीतरी, लेकराला द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भोपळ्यांच्या खोलीत शिरली. एक एक भोपळा उचलून अंगणापलीकडच्या उकिरड्यावर आपटू लागली. मी अडवायला निघाले तर पद्यानं मला धरून ठेवलं.

"करू दे."

"अरे, तुझे किडे..."

"करू दे ताई. कुणावर तरी राग काढायला पाहिजे ना तिला."

भोपळे फुटत होते. ढालकिडे उडून सीताफळांत जात होते, बरेच उन्हात नुसतेच फिरत होते. पद्या ओट्यावर बसून आवाज ऐकत होता. बरण्या फुटायला लागल्या तसा तो उठून विहिरीकडं गेला, आणि मी त्याच्या मागं गेले, कारण माझा आता कुणाच्याच विहिरीकडं जाण्यावर विश्वास राहिला नव्हता. तो काठावर बसून लहान पोरासारखा रडला. मीही रडले. मग आम्ही तोंडं धुऊन परत आलो आणि आईनं वाढलेलं जेवलो.

पुढच्या शुक्रवारी माझं डोहाळजेवण होतं. मी आईला म्हटलं, राहू दे, या असल्या दिवसांत कशाला. ती ऐकेना.

"घरात एक तरी गोड हुऊ दे. त्याचं डोळं गेलं, पन मामा तर हाय त्यो. भाचा येईल, त्याचा हात धरून त्याला फिरवील. देव एका हातानं नेतो, दुसऱ्यानं देतो."

"भाची आली तर?"

"असं वंगाळ बोलू नी," ती म्हणाली. मी वंगाळ काय बोलले ते मला कळलं होतं. तिला काय कळलं नव्हतं, ते मी सांगू शकत नव्हते. आई आणि मी एकाच देवाला एकाच वेळी उलटसुलट साकडं घालत होतो. देवानं तरी काय करावं?

बायका जमल्या. मला हिरवी साडी नेसवली, शेवंतीच्या वेण्यांचे दागिने घातले, झोपाळ्यावर बसवलं. गाणी झाली, ओटी झाली. पुरुषांचं तिथं काम नसतं. पद्या बाहेर ओट्यावर होता. आणि मग आई ताटात दोन झाकलेल्या वाट्या घेऊन आली. ही गंमत सगळ्यांना ठाऊक असते. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. शिकल्यासवरल्या बायका हसत हसत करतात, आणि आतून प्रत्येकीचा जीव टांगलेला असतो.

मी शेतकी कॉलेजातल्या मुलाची बहीण. झाकलेल्या वाटीनं काही ठरत नाही, हे मला कळत होतं. तरी मी दोन्ही वाट्यांवरून दोनदा हात फिरवला. एवढ्या सगळ्या प्रकारात मला हवं ते निवडायची संधी ही एकच होती. डावीकडची उघडावी की उजवीकडची? बायका ओरडत होत्या, "उगड गं कुंदा, लाजतीस काय!" मी मनातल्या मनात बर्फी, बर्फी म्हणत उजवी वाटी उघडली.

पेढा.

एकच गलका झाला. "मुलगा! मुलगा!" कुणीतरी टाळ्या पिटल्या, कुणी माझ्या गालाला हळद फासली. गलका ऐकून पद्या उंबऱ्यापर्यंत आला. चौकट धरून उभा राहिला. काय निघालं ते त्याला विचारावं लागलं नाही. तो थोडा वेळ थांबला, मग वळून गेला, आणि वळताना त्याचा खांदा चौकटीवर आपटला. तो आवाज फक्त मी ऐकला.

मी दुसऱ्या वाटीकडं हात नेला. आईनं ती झटकन दाबून धरली.

"आता काय बघायचंय त्यात?"

"बघू दे."

"नगं म्हनते ना!"

मी तिचा हात काढला आणि वाटी उघडली. तिच्यातही पेढाच होता.

बायकांचं लक्ष नव्हतं. त्या पानं वाढायच्या गडबडीत होत्या. आई माझ्या कानाशी वाकली. तिचे डोळे पाण्यानं भरले होते, पण कितीतरी दिवसांनी ती हसत होती.

"दोन्हीतबी म्याच ठिवला," ती कुजबुजली. "नशिबावर कशाला सोडायचं, पोरी?"

आणि तिनं तो पेढा माझ्या तोंडात घातला. मी तो खाल्ला. न खाऊन काय केलं असतं?

दिवस भरल्यावर मुलगाच झाला. आईनं गावभर पेढे वाटले, ज्यांच्याशी बोलणं नव्हतं त्यांच्याकडंही जाऊन वाटले. बाराव्या दिवशी तिनं बाळ उचललं आणि खाटेवर बसलेल्या पद्याच्या मांडीवर ठेवलं. तोवर त्याला समोर बसलेल्या माणसाचा चेहराही दिसेनासा झाला होता. त्यानं बाळाच्या कपाळावरून, नाकावरून बोट फिरवलं. फार हळू फिरवलं.

"आई," तो म्हणाला, "कुणासारखा दिसतो गं?"

आईनं बाळाला उजेडाकडं वळवलं, निरखून बघितलं.

"डोळं अक्षी तुज्यासारखं," ती म्हणाली.